हातभर अंतरावरून

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि त्यातला हुकूम, दोन्ही पोचलं. तू म्हणालीस तशी तुझी तांबडी पलटण कुंपणापर्यंत पुढे सरकवली. तिथे माझ्या निळ्यांच्या तोफांनी तिचं काय केलं ते विचारू नकोस. फासे मीच टाकतो म्हणून तू संशय घेणार हे ठाऊक होतं, म्हणून सूनबाईंना साक्षीला बसवलं. त्यांनी विणकाम खाली न ठेवता मान डोलावली, तेव्हा निकाल कायदेशीर आहे. पूल अजून माझ्याच ताब्यात आहे.

आता जरा कामाचं. इथल्या छंदमंडळातली मुलं-मुली हल्ली शिशाचे सैनिक रंगवून लढाया खेळतात. आपलं टेबल, टेकड्या, पूल, दोन्ही फौजा, सगळं त्यांना देऊन टाकायचं मी ठरवलंय. महिनाअखेर येऊन घेऊन जातील. अण्णांच्या हातचे शिपाई तेवढे काचेच्या कपाटात राहतील. मला आता कंटाळा आला. शिवाय रंगांचा वास सोसत नाही. तुझे घोडेस्वार तसेच करडे राहिलेत, ते तसेच जातील. मंडळातलं कुणीतरी रंगवेल.

रागावू नकोस. वय झालं की पसारा आवरावा. तुझा दवाखाना कसा चाललाय? जावईबापूंना नमस्कार सांग आणि या म्हाताऱ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा
दादा

---

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचं म्हणणं पडलं की पुलावर हरण्याच्या भीतीने शत्रू मैदानच विकायला निघालाय. मला हसू आलं नाही.

रंगांचा वास सोसत नाही? तुला? जेवायच्या टेबलावर एका बाजूला ताट आणि दुसऱ्या बाजूला टर्पेंटाइनची बाटली ठेवून जेवणारा तू. ब्रशचं टोक जिभेवर ओलं करतोस म्हणून आईने किती वेळा धपाटा घातला असेल! अण्णा शाळेत इतिहास शिकवायचे आणि घरी येऊन तोच इतिहास टेबलावर मांडायचे. तू निळा, मी तांबडी आणि अण्णा पंच. मला टेबलावरचं दिसावं म्हणून उलट्या बादलीवर उभं करायचे, तेव्हापासून तुझ्या तोंडी मी ठेंगू झाले ती झालेच.

नियम अण्णांचे होते, ते तू असे मोडू शकत नाहीस. बिनरंगाचा शिपाई टेबलावर उतरणार नाही, हा पहिला. रंगवलेला शिपाई अण्णा हात लांब करून धरणार, आणि हातभर अंतरावरून चांगला दिसला की तो पास, हा दुसरा. लढाई नाकाला लावून बघायची नसते, असं ते म्हणायचे. तुला ते कधी पटलं नाही. पास झालेला शिपाईसुद्धा तू दिव्याखाली नेऊन परत त्याची बटणं रंगवत बसायचास. माझे शिपाई मात्र हातभर अंतरावरच शूर दिसायचे.

माझ्या स्वारांची तुकडी अण्णांनी आणली, तिला करडं अस्तर दिलं आणि त्यानंतर ते गेले. रंग मी देतो, असं तू मला सासरी जाताना स्टेशनवर सांगितलंस. त्या स्वारांशिवाय मला पूल ओलांडता येत नाही, म्हणून ही एक लढाई आपण इतकी वर्षं पत्रांवर ताणली. ते स्वार तुझ्या ब्रशनेच रंगले पाहिजेत. कुणा परक्याने रंगवलेले मला नकोत. दादा, अण्णांचं माझ्या वाटणीचं तेवढंच काम राहिलंय.

खरं कारण लिही. उत्तर येईपर्यंत माझी पलटण कुंपणाआडून हलणार नाही. रागावले असले तरी आहे तुझीच.

ठेंगू

---

ता. १४ फेब्रुवारी

ती. आत्यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या घरात घालून ठेवलं. उत्तर मात्र लिहीत नाहीत, म्हणून मीच लिहायला बसले. मी चहाडी करतेय, तेवढी पोटात घाला.

वासाचं काही खरं नाही. बाबांचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांना दाखवून आलो. वयाने होतं, जिवाला धोका नाही, असं ते म्हणाले. पण ज्यांनी सगळी नोकरी नकाशांवर केसाएवढ्या रेघा ओढल्या त्यांना हे कसं सांगून पटावं? तुमचे स्वार त्यांनी मध्यंतरी काढले होते. एकाचा पट्टा रंगवायचे, भिंगातून बघायचे आणि टर्पेंटाइनने पुसून टाकायचे. पुन्हा रंगवायचे, पुन्हा पुसायचे. शेवटी ब्रश धुऊन, कपड्यात गुंडाळून कपाटाच्या वर ठेवून दिले.

आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. विचारलं तर म्हणतात, हात शेकतोय. आणि येताजाता त्या काचेच्या कपाटापुढे उभे राहतात. परवा आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, अण्णांची रेघ शेवटपर्यंत हलली नाही, माझी हलली.

तुम्ही काहीतरी करा. तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत, आणि तुमचं ऐकतात असं कबूलही करत नाहीत. मामांना नमस्कार. आमच्यावर जीव आहेच, तो असाच राहू द्या.

तुमची
सून

---

ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कारण विचारत नाही. फक्त एक धंद्यातली गोष्ट सांगते. आम्ही दातांचे डॉक्टर कधी अधांतरी हात धरून काम करत नाही. करंगळी शेजारच्या दातावर टेकवायची आणि मग हत्यार चालवायचं. हात कुणाचाही असो, टेकू मिळाला की ऐकतो. तू करंगळी घोड्याच्या पाठीवर टेकव.

एकच स्वार रंगव आणि माझ्याकडे पाठव. जसा होईल तसा पाठव, पुसायचा नाही. तो बघून तू म्हणशील तर सगळं मंडळाला देऊन टाकू, मी चकार शब्द काढणार नाही. पण तोवर टेबल हलवशील तर याद राख. पत्राची वाट बघते, आणि तुझीही.

ठेंगू

---

ता. २७ फेब्रुवारी

चि. ठेंगूस,
अ. उ. आ.

करंगळीची गोष्ट वाचली तेव्हाच कळलं की घरात फितुरी झालीय. सूनबाईंना तसं म्हटलं तर त्या विणकामात जास्तच गढून गेल्या.

स्वार कापसात गुंडाळून पाठवतोय. करंगळी टेकवली होती. पूर्वीपेक्षा बरं जमलं, खोटं कशाला बोलू. पण तू स्वतःच बघ. छातीवरचा पट्टा नागमोडी गेलाय. मिशीचं एक टोक कानापर्यंत पोचलंय. डोळ्यांविषयी न बोललेलंच बरं. तू सासरी गेलीस तेव्हा अण्णांचा ढोलवाला मी तुझ्याबरोबर दिला होता, तो याच्या शेजारी उभा कर. असं काम अण्णांच्या फौजेत सोडून जायची मला लाज वाटते. त्यांच्यानंतर हे टेबल मी सांभाळलं ते त्यांच्या हाताला शोभेल अशा हाताने. तो हात आता राहिला नाही. खरं कारण हवं होतं ना, ते हे.

बघून झाल्यावर शब्द पाळ. मंडळाची माणसं रविवारी येतील. तुझ्यावर राग नाही, आणि तूही धरू नकोस.

तुझा
दादा

---

ता. २ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. आधी चहा पिऊन घे.

दवाखान्यातल्या काचेच्या शेल्फवरून ढोलवाला खाली काढला. इतकी वर्षं तो तिथे आहे. येणारी मुलं त्याच्याकडे बघत तोंड उघडतात. पण धूळ झटकण्यापलीकडे मी त्याला कधी हातात घेतला नव्हता. अण्णांचे शिपाई अण्णांनीच हलवायचे, ही सवय अंगात मुरलेली. तुझा स्वार आणि तो, दोघांना हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवलं, मोठा दिवा ओढला आणि दात बघायचं भिंग डोळ्यांवर चढवलं.

तुझा स्वार तू लिहिलंस तसाच आहे. मिशीचं मात्र तू कमीच सांगितलंस.

मग ढोलवाल्याकडे वळले. दादा, ढोलाच्या दोऱ्या सरळ नाहीत. एकही नाही. खांद्यावरचा पट्टा मध्येच जाड झालाय, कारण रेघ चुकली तिथे वरून दुसरा हात मारलाय. आणि त्याला डोळेच नाहीत. टोपीखाली नुसती तपकिरी सावली आहे. रणात डोळे दिसत नसतात, असं अण्णा सांगायचे आणि आपण मान डोलवायचो.

अण्णांचा हात थरथरत होता.

आठव जरा. ते कप दोन्ही हातांनी धरायचे. हात शेकतोय, म्हणायचे, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. आणि हातभर अंतराचा नियम काही पहिल्यापासून नव्हता. मी बादलीवर उभी राहायचे तेव्हा ते शिपाई दिव्याखाली धरून तपासायचे, माझे कितीतरी नापास झालेले मला आठवतात. बादलीची गरज संपल्यावर तो नियम आला. आपल्याला वाटलं, माझ्यासाठी सवलत दिलीय. ती त्यांनी स्वतःला दिली होती, आणि आपल्याला कळूही न देता खेळत राहिले.

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. बाहेर बसलेले गृहस्थ डॉक्टरीणच रडतेय म्हणून दात न दाखवताच घरी निघाले होते, त्यांना परत बोलावून आणावं लागलं.

मग भिंग काढलं आणि दोघांना हात लांब करून धरलं. दोघेही देखणे दिसतात. तुझा स्वार पास आहे, दादा. तुझा विश्वास नसेल तर कपाट उघडून बघ. तुझं आणि माझं दोघांचं बालपण त्यात आहे, ते कधीतरी जवळून बघायला हवंच होतं.

तुझीच
ठेंगू

---

ता. १६ मार्च

चि. ठेंगूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दिवसभर मी तुझ्यावर रागावलो होतो. संध्याकाळी सूनबाईंनी शिवणयंत्राचं तेल आणून दिलं, तेव्हा कुठे कपाटाचं कुलूप उघडलं.

वरच्या फळीवरचे शिपाई, म्हणजे आपल्या लहानपणीचे, अगदी रेखीव आहेत. मधल्या फळीपासून रेघ हलायला लागते. खालची फळी, जिच्यापुढे मी रोज उभा राहत होतो, ती सगळीच्या सगळी थरथरत्या हाताची आहे. शेवटी दारूगोळ्याचा गाडा आहे, तो तुला आठवत असेल. गाडीवानाच्या हातातला लगाम घोड्याच्या मानेवर भरकटलाय, आणि अण्णांनी त्या चुकीवरच आणखी चार रेघा ओढून तिची आयाळ केलीय. मी तो घोडा हातात घेऊन बराच वेळ बसलो. जन्मभर नकाशे तपासले, पण बापाची रेघ तपासायचं कधी मनात आलं नाही. मला वाटत होतं, अण्णांचा हात माझ्याकडून गेला. तो तर आत्ता कुठे माझ्याकडे आलाय. हे लिहिताना डोळे भरून आलेत, अक्षर हललं असेल तर हाताला दोष देऊ नकोस.

छंदमंडळाच्या लोकांना रविवारी रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही, चहा पाजून पाठवलं. टेबल न्यायचं नाही, पण खेळायला यायचं, असं ठरलंय. त्यांच्यात एक बुटकी मुलगी आहे, तिला टेबलावरचं दिसत नाही. माळ्यावरची बादली काढून ठेवली आहे.

तुझे बाकीचे स्वार रंगून झाले. दोन घोड्यांना आयाळी जरा जास्तच झाल्यात, त्याचं कारण तुला सांगायला नको. सगळे पुलाच्या तोंडाशी उभे केलेत. माझ्या तोफा तयार आहेत. हा हुकूम पत्रातून द्यायचा नाही, आणि फासे तुझे तूच टाकायचेस. जावईबापूंना घेऊन ये. सूनबाई तुझी वाट बघताहेत, आणि त्यांच्याहून जास्त मी.

भिंग मात्र घरी ठेवून ये.

तुझा
दादा