लंकेचा वळसा

नौपाडा, ठाणे. चैत्र वद्य पंचमी, दिवेलागण.

रंगूनहून तार आली. स्वारी नोकरीच्या गावी सुखरूप पोचली. देवापुढे साखर ठेवली, पण राग काही उतरत नाही.

सगळं त्या दोऱ्यामुळे. निघायच्या आदल्या दिवशी कल्याणहून मोठे भावोजी आले. माझ्याच शाळेच्या नकाशावर त्यांनी मुंबई ते रंगून सरळ दोरा ताणला, डोंगरांवरून, नद्यांवरून, आणि म्हणाले, "आठवड्यात पोचेल."

मी दाराआडून म्हटलं, "आगबोट म्हणजे कावळा नव्हे, भावोजी. तिला लंकेला वळसा घालावा लागतो."

"घ्या! मॅट्रिक झालेल्या बायका आता समुद्रही शिकवणार!"

आठवडा उलटला, तार नाही. भावोजींनी बोट बुडाल्याचं ठरवूनच टाकलं. आणि काल जाऊबाईंनी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात काय करावं? करंडा घेऊन माझ्यापर्यंत आल्या आणि मला वगळून शेजारणीला कुंकू लावलं. वर म्हणतात, "नक्की कळेपर्यंत राहू दे गं." सगळ्या बायकांदेखत! मी मान खाली घालून डाळ खाल्ली. का खाल्ली?

क्षमा करावी हे कळतं. करीन, पण मंगळवारनंतर. मंगळवारी माझ्याकडे हळदीकुंकू आहे, आणि पहिलं बोलावणं जाऊबाईंनाच. पन्हं देईन, ओटी भरीन, काही कमी करणार नाही. मग त्याच बायकांसमोर कपाळ पुढे करीन. "लावा, जाऊबाई."

भावोजींचा दोरा मी टाकलेला नाही. चांगला दोरा वाया का घालवायचा? त्यातच मोगरा ओवून जाऊबाईंना गजरा माळीन, आणि दोरा कुठला ते सर्वांना सांगेन.