गुलाबी चौकडे

बाबा, काल आठवीच्या वर्गात तुमचा लाल-पांढऱ्या चौकड्यांचा गमछा पुन्हा खडूच्या धुळीत माखला. सिहोऱ्याच्या शाळेत बहुपदींचा गुणाकार शिकवायचा दिवस आला, की मी तो पर्समध्ये घालून नेते. पोरं आधी हसतात, मग वहीत डोकं घालतात, आणि तास संपेपर्यंत बहुतेकांची उत्तरं बरोबर आलेली असतात. बढाई वाटेल, आणि आहेच थोडी. गणित शिकवण्यात मी कुणाला हार जात नाही.

माझी आठवीची वही मात्र तुम्ही पाहिली आहे. वीस उदाहरणं, वीस लाल फुल्या, खाली शेरा: पालकांची सही आणावी. एक्स अधिक तीनला एक्स अधिक पाचने गुणून मी बेधडक लिहिलं होतं, एक्स वर्ग अधिक पंधरा. पहिल्याला पहिल्याने, शेवटच्याला शेवटच्याने, काम खलास! पवनीच्या घरात पुढच्या खोलीत तुम्ही मागावर बसलेले. वही पुढे करते तशी तुम्ही आडवा धागा नेणारा धोटा थांबवता. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण वाचल्याशिवाय सही करणार नाही हा बाणा. “एक्स म्हणजे काय वं?” “कोणताही आकडा,” मी फणकाऱ्याने सांगते. “आन् हे दोन कंस काय करून राहिले?” “गुणाकार.” तुम्ही बराच वेळ वहीकडे बघता, मग मागावरच्या अर्ध्या विणलेल्या गमछ्यावर बोट ठेवता. उभे धागे लाल आणि पांढरे, आडवेही तसेच.

“लालवर लाल पडलं, हा गडद चौकडा. पांढऱ्यावर पांढरं, हा कोरा. तू हे दोनच मांडून राहिली. मंग हे गुलाबी कोठी गेले? हरेक आडवा धागा हरेक उभ्या धाग्याले भेटतेच ना, बाई. नाही भेटला तं कपड्याले भोक पडते.”

मला आधी राग आला, मग लख्ख दिसलं. लाल म्हणजे एक्स, उभे पांढरे तीन, आडवे पांढरे पाच. लालवर पांढरा म्हणजे पाच एक्स, पांढऱ्यावर लाल म्हणजे तीन एक्स, दोन्ही गुलाबीच, म्हणून बेरीज आठ एक्स. विसाच्या वीस उदाहरणं सोडवूनच मी उठले.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. मी चौकडे काढून सगळं समजावलं. सर खूश झाले, म्हणाले, कोणी शिकवलं? पुढच्या बाकांवर तहसीलीतल्या साहेबांच्या मुली बसल्या होत्या. मी म्हणाले, भंडाऱ्याच्या मामेभावाने, तो इंजिनिअरिंगला आहे. भाऊ होता खरा, पण त्याने मला कधी साधी बेरीजसुद्धा शिकवली नव्हती. आठवडी बाजारात सरांनी तुमच्यापाशी त्याचं तोंडभरून कौतुक केलं. घरी येऊन तुम्ही एवढंच बोललात, “तुया भावाले सांगजो, सर लय खूश आहेत त्याच्यावर.” आणि मागावर जाऊन बसलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी माफी मागितली नाही. पुढे मागायची राहूनच गेली, आणि तुम्ही जाऊनही आता चौदा वर्षं झाली.

त्याची भरपाई म्हणून, गमछा उघडला की मी दरवर्षी ठणकावून सांगते, हे मला माझ्या बाबांनी शिकवलं. कालही सांगितलं. तेव्हा खिडकीजवळची एक पोरगी उठली. “मॅडम, तुमचे बाबा गणिताचे सर होते काय?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. गमछा माझ्या हातात होता. आणि बाबा, मी “हो” म्हणाले.

शाळा सुटेपर्यंत वाटत होतं, तुम्हाला मानच दिला. आज गमछा धुऊन वाळवला, घडी घातली. हे पत्र त्याच घडीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडणार? विणकर होते, एवढंच म्हणायचं होतं. इतक्या वर्षांनीही माझ्या तोंडून निघालं नाही.