रेवांशचा चहा

मंगळवार, १८ मार्च

भाग अठ्ठावन्न टाईप केला. लग्न होऊन आठ भाग झाले, तरी या दोघांचं कौतुक संपत नाही! रेवांश सकाळी उठून स्वरांगीसाठी चहा करतो. आलं ठेचून. कपाशेजारी मोगऱ्याचं फूल. स्वरांगी डोळे चोळत म्हणते, "इश्श, तुम्ही कशाला?" आठ भागांत किती वेळा 'इश्श' टाईप केलं, देव जाणे. बोटं विटली.

लिहितात नीलाबाई. डोंगरकडा गावच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, एकट्या. आठवड्याला दोन भाग, शंभर पानी वहीत, हिरव्या पेनाने. एसटीने वसमतला आमच्या टायपिंगच्या दुकानात येतात, वही माझ्यासमोर ठेवतात. मी टाईप करायचं आणि दुकानातूनच कथांच्या ॲपवर चढवायचं. परत वाचून बघत नाहीत. "तू केलं म्हंजी बराबरच असल, सपना."

डोंगरकड्यात रेवांश नावाचा एक माणूस दाखवा म्हणावं. लग्नानंतरची प्रेमकथा म्हणे! बाकीचे लेखक लग्न लावून गप्प बसतात. ही बाई पुढेही खोटं बोलते.

गुरुवार, २० मार्च

आईसुद्धा ऐकते! हळदीच्या गोदामात कांड्या निवडता निवडता जेवणाची सुट्टी झाली की सोबत काम करणारी राणी मोबाइलवरून भाग वाचून दाखवते. आणि आई मिरवते, "माझी सपनाच लिवती हे मशीनवर."

आज संध्याकाळी भाकरी थापताना — "रेवांशनं तिच्या पायाला तेल लावून देलं माय! असा माणूस पायजे."

आप्पांनी हिला कधी पाण्याचा तांब्या तरी दिला का? पण नाही, दुसऱ्याच्या कागदी नवऱ्यावर जीव टाकायचा. हसू आलं. नंतर हसूही नाही आलं.

रविवार, २३ मार्च

बैठक झाली. दारात सतरंजी. नवऱ्याकडचे चार, आमच्याकडचे पाच. तो आखाडा बाळापूरहून पांढरा शर्ट घालून आला होता, मान खाली. गरीब गाय! दिवाळीपासून मी माहेरी का, याचा निकाल लावायचा होता.

"पोरी, तुला काय तकलीफ हाय, सांग. भिऊ नको."

नऊ पुरुष. समोर आप्पा. मी फरशीकडे बघत बसले. तोंड उघडलंच नाही! स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. स्वरांगीला निदान 'इश्श' तरी म्हणता येतं.

"तकलीफ न्हाई म्हंजी मंग पाठवा." ठरलं. सहा एप्रिल, रविवार. ते न्यायला येणार. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी पोरगी नांदायला गेली म्हणजे आप्पांना चारचौघांत उभं राहता येईल. आईने आतून चहा पाठवला.

बुधवार, २६ मार्च

भाग साठ. पुन्हा चहा! या वेळी रेवांश स्वरांगीने केलेला चहा पितो आणि म्हणतो, तुझ्या हाताला अमृताची चव आहे.

राहवलं नाही. ते वाक्य खोडलं आणि लिहिलं —

रेवांशने एक घोट घेतला. "साखर कमी आहे," म्हणाला. मग उरलेला चहा तिच्या मनगटावर ओतला. घाई न करता, कप रिकामा होईपर्यंत. कप विसळून जागेवर ठेवला. माहेरी तिने सांगितलं, पातेलं निसटलं. आईने कोरफड लावली आणि म्हणाली, "ध्यान कुठं असतं तुझं?"

नऊ माणसांसमोर एक शब्द फुटला नाही, आणि इथे एका दमात! चढवून टाकलं. नीलाबाई कुठे बघतात.

शुक्रवार, २८ मार्च

बोंबाबोंब! 'रेवांश असं करूच शकत नाही.' 'मॅडम, कथा बिघडवू नका, आम्ही विरंगुळ्यासाठी वाचतो.' एकीने लिहिलंय — 'तिचीच काहीतरी चूक असेल, पुढच्या भागात कळेल.' ते तीनशे जणींना आवडलं. तीनशे! यांना रेवांशच मिळायला हवा, एकेकीला.

मंगळवार, १ एप्रिल

नीलाबाईंना भाचीने फोन करून सांगितलं. तशाच आल्या, धापा टाकत. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत —

"माझा रेवांश असा न्हाई! काहून घातलंस हे? तुला काय ठावं संसार काय असतो?"

मालक शिवशंकरशेठ म्हणाले, काढ आधी ते. काढलं. अमृताची चव परत घातली. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं — कागदावरच्या नवऱ्यासाठी! माझा हात त्यांच्या नाकासमोर कीबोर्डवर चालत होता, बाही वर सरकलेली. त्या स्क्रीनकडे बघत होत्या.

बुधवार, २ एप्रिल

आठवडा झाला, आई रेवांशचं नाव काढत नाही. रुसली असेल, लाडका बिघडला म्हणून. माझ्याशीही धड बोलत नाही. एवढं मनाला लावून घ्यायचं, एका गोष्टीसाठी? धन्य!

शुक्रवार, ४ एप्रिल

बॅग भरली. चार साड्या. आप्पांनी विचारलं, झालं का सगळं? म्हटलं, व्हय.

शनिवार, ५ एप्रिल

आई दुकानात आली. भर कामाच्या वेळी, पिवळ्या हातांनी. इथे कधीच आली नव्हती. माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली, माझं मनगट धरलं आणि बाही वर केली.

"राणीला चारदा वाचाया लावलं मी ते. कोरफड मीच लावली व्हती न्हाई का."

मी बाही खाली ओढू लागले.

"तुझ्या बापाला सांगितलं. उद्या त्यायला येऊ नका म्हनून फोन गेलाय. आता पोलीस ठाण्याचा अर्ज लिव्ह. मी सांगते. तुजं नाव घाल, खाली साक्षीला माजा अंगठा घे."

पहिलं वाक्य सांगितलं — "मी आई असून पोरीला इचारलं न्हाई."

म्हटलं, आई, असं अर्जात लिहीत नाहीत.

"लिव्ह."

बोटं चालेनात. शिवशंकरशेठ उठून बाहेर जाऊन उभे राहिले. आईने पिवळा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि म्हणाली, "घाई न्हाई. मी बसले हाय."