घाबरण्यासारखं काही नाही

बुऱ्हाणपूर,
१२ जानेवारी २०२५

ती. वन्संना,
उषाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मोबाईलच्या जमान्यात ही बाई पत्र काय लिहिते, म्हणून हसाल. पण फोन आला की तुमचे भाऊ तो स्पीकरवर टाकायला लावतात, आणि मी हळू बोलले की माझ्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून हे पत्र.

दिवाळीपासून ह्यांना घास उतरत नाही. आधी भाकरी अडकायची, आता वरणभातही छातीत अडतो, वरून पाणी प्यायलं तर तेही उलटून येतं. तीस वर्षं माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवली, मीठ कमी, फोडणी जळकी, आणि आता पातळ पेज गपगुमान पितात. देवाघरी न्याय आहे असं मनात येतं आणि मग माझी मलाच लाज वाटते. खोटं कशाला सांगू, थोडीच वाटते.

गुरुवारी इथं बेरियमची जाँच झाली. खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पाजतात आणि ते खाली उतरताना एक्स-रे काढतात. फोटोत अन्ननलिका वर फुगलेली आणि खाली एकदम चिंचोळी दिसते. डॉक्टर म्हणाले, इंदूरला नेऊन आतून दुर्बिणीनं बघा, तुकडाही तपासायला द्या. आपला रोहित तिथं नोकरीला आहेच, त्यानं नंबर लावलाय.

माझ्या आईचंही घास अडकण्यापासूनच सुरू झालं होतं. हे ह्यांना आठवतंय, तोंडावरूनच कळतं. मला तर विसरताच आलेलं नाही.

भावावरची माया थोडी इकडेही वळू द्या.
तुमची,
उषा

भुसावळ,
२० जानेवारी

चि. सौ. उषास,
वंदनाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हातातला घास ताटात टाकला. माझा भाऊ अन्नाला महाग झालाय आणि तुला फोडणीचे हिशेब सुचतात. धन्य आहे तुझी बाई.

तुझ्या आईचं आता उकरून काढू नकोस. आपल्या अरविंदनं सासूपासून लपवलं ते तिच्या भल्यासाठीच. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कोणी कॅन्सर म्हणतं का? मीही तिला हसत हसत सांगितलं होतं की साधी सूज आहे, ओसरेल. आपल्यात असंच करतात.

तेव्हा इंदूरचा रिपोर्ट वाईट आला तर त्याला कळू देऊ नकोस. डॉक्टरांनाही आधीच सांगून ठेव. हसऱ्या तोंडानं सांग की घाबरण्यासारखं काही नाही. इतकं तरी माझं ऐक.

रागावले म्हणून परकी समजू नकोस.
तुझी,
वंदना

बुऱ्हाणपूर,
९ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

सगळ्या जाँच झाल्या. दुर्बीण झाली, तुकड्यात काही निघालं नाही. मग नाकातून बारीक नळी घालून घोटाघोटानं पाणी पाजलं आणि अन्ननलिकेचा दाब मोजला. त्यात सापडलं. जठराच्या तोंडाशी नळी उघडायला पाहिजे ती उघडतच नाही. अकॅलेशिया म्हणतात. कॅन्सर नाही, वन्सं. आत फुगा घालून ती जागा ताणायची, की माणूस जेवायला लागतो.

मी ह्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही, साधंच आहे म्हटलं. ते पांढरेफटक पडले. डॉक्टरही पाठीवर हात ठेवून म्हणाले, घबराने की कोई बात नहीं. बाहेर आल्यावर मला म्हणतात, डॉक्टरला किती दिवसांपूर्वी पढवून ठेवलंस?

रोहितच्या डोक्यावर हात ठेवून मी शपथ घेतली, तर हसायला लागले. का ते तुम्हाला ठाऊक नसेल. आईनं ह्यांना विचारलं होतं, जावईबापू, मला खरं सांगा, मला एकदा असीरगडला भावाच्या घरी जाऊन यायचंय. तेव्हा ह्यांनी रोहितच्याच डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की बऱ्या व्हाल, मग सावकाश जा. ती बरं व्हायची वाट बघत माझ्या मधल्या खोलीतच वारली. आता ह्या घरात शपथ चालत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

तुमचं पाकीट ह्यांनी उन्हात धरून बघितलं. फोडायची छाती झाली नाही. फुग्याला साफ नाही म्हणतात, मरणाऱ्याला कशाला छळता म्हणतात. पाणीसुद्धा राहत नाही पोटात, झोपेत ठसका लागून गुदमरतात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर उपासमारीनंच जातील. मी काय करू ते सांगा.

उत्तराची वाट बघते.
तुमची,
उषा

भुसावळ,
१६ फेब्रुवारी

चि. सौ. उषास,
आशीर्वाद.

मी दोनदा फोनवर सांगितलं त्याला. मला म्हणाला, ताई, तू हसून बोलतेयस.

रागावू नकोस, पण एकच रस्ता दिसतो. त्याला सांग की आहे. कॅन्सरच आहे म्हण, आणि फुग्यानं निदान दोन घास पोटात जातील म्हण. खरं बोलून मरणार असेल तर खोटं बोलून वाचव. जेवायला लागला की मी स्वतः येऊन त्याला खरं सांगेन, ती जबाबदारी माझी.

एवढी भीक घाल.
तुझी,
वंदना

बुऱ्हाणपूर,
३० मार्च

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. मला रडू आणायला कष्ट पडले नाहीत. मी कॅन्सर शब्द उच्चारला आणि ह्यांनी लगेच विश्वास ठेवला, एक प्रश्नही विचारला नाही. घटकाभर रडले, मग म्हणाले, चल, फुगा तर फुगा.

इंदूरला फुगा घातला. डॉक्टर खूश आहेत. ह्यांचं वजन वाढतंय, कळण्याची भाकरी खातात, वर ठेचा मागतात. फुगा म्हणजे मरणाऱ्याचे शेवटचे लाड, त्यानंच घास उतरतो, अशी समजूत आहे. चांगले शर्ट वाटून टाकले. असीरगडला जाऊन माझ्या मामांच्या पायावर डोकं ठेवून आले. ताट स्वतः उचलतात. तीस वर्षं मी "ए" होते, आता नावानं हाक मारतात.

आता तुम्ही येणार म्हणता. अवश्य या. समोर बसा आणि सांगा की तुला काही झालेलं नाही. तुमच्या तोंडाकडे ते कसे बघतात ते बघा. तुमच्यानंतर रोहित सांगेल, डॉक्टर सांगतील, आणि जितके जण सांगतील तितकी त्यांची खात्री पटेल. माझं एकटीचं ते ऐकतील. मी सांगणार नाही. पुढेमागे सांगेनही, पण आईनं जितकी वाट बघितली तितकी तर होऊ द्या.

काल जेवता जेवता थांबले आणि मला हात जोडले. म्हणाले, डॉक्टर, पोरगा, सख्खी बहीण, सगळे मला फसवतायत; उषा, तू एकटीनं मला खरं सांगितलंस.

मी अजून एक भाकरी वाढली. त्यांनी खाल्ली.

याल तेव्हा आधी कळवा, मांडे करून ठेवीन.
तुमची,
उषा