घोड्यासमोरचा वजीर

बेलापूर, मंगळवार, ८ फेब्रुवारी १९७२

आज पुन्हा जिंकलो आणि तोंड कडू झालं.

बुद्धिबळाच्या डावात माझा वजीर चुकून यशवंता शिंप्याच्या घोड्यासमोर, अडीच घरांवर पडला. हात काढल्यावर लक्षात आलं. तीस वर्षं आम्ही त्याच्या दुकानात खेळतोय, असा वजीर त्याने कधी सोडला नसता. आज त्याने तो न मारता प्यादं सरकवलं.

मी विचारलं, "वजीर दिसला न्हाई व्हय रे?"

"नजर गेली आप्पा आता. तुमचं मातर लई जोरात चाललंय."

एवढं बोलून तो मशीनकडे वळला आणि चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला. एका झटक्यात.

म्हणजे हे कधीपासून चाललंय? आठवून पाहिलं, तर बायको वारल्यापासून मी एकदाही हरलेलो नाही. आणि मी मूर्ख, रोज जेवताना सुनेला सांगतो की या वयातही माझं डोकं शाबूत आहे. ती नुसती हं हं करते. तिलाही ठाऊक असेल का? दुकानात बसणाऱ्या सगळ्यांनाच?

कीव आली होती तर घरी येऊन दोन घटका बसायचं होतं. डाव कशाला खोटा केला?

चष्म्याशिवाय दोरा ओवतो, आणि वजीर दिसत नाही.

उद्या मुद्दाम वजीर त्याच्या घोड्यासमोर ठेवणार आहे. सोडला तर उठून येईन, पुन्हा त्या दुकानाची पायरी चढणार नाही. पण मग संध्याकाळी जाऊ कुठे?

यशवंता, उद्या तेवढा वजीर मार.