भुतांच्या खेळात नव्याने येणाऱ्या काकींना

कुडाळ,
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप रुक्मिणीकाकी,

अक्षयाचा वाकून नमस्कार. काकांनाही सांगा. आम्ही इथे बरे आहोत. आईचा गुडघा तिच्या मर्जीप्रमाणे दुखतो आणि मर्जीप्रमाणे थांबतो. काजूचा हंगाम नसला तरी कारखान्याच्या ऑफिसात काम असतंच. मी आणि डोक्यावरचा पंखा, दोघंही दिवसभर कुरकुरत असतो. तुमची भाताची झोडणी उरकली असेल. धामापूरच्या तळ्याला यंदा पाणी कुठवर आहे?

बघा, इकडचं तिकडचं मी किती वेळ लिहू शकते! तुमचा फोन येऊन दहा दिवस झाले. "मितेशच्या कॉम्प्युटरार धूळ बसली गो. माका तो भुताचो खेळ शिकव. फोनार सांगलंस तर माका कायएक कळाचा नाय, कागदार लिवन दी," असं म्हणालात. मी पटकन हो म्हटलं. त्यानंतर चार कागद फाडले, हा पाचवा. तुम्ही रविवारी चार वाजता मितेशच्या खुर्चीत बसणार, हे मी दीपेश आणि आकांक्षाला कळवलं आहे. दीपेश पुण्याहून येईल, आकांक्षा मालवणातून, वडिलांच्या खानावळीतल्या गल्ल्यावर बसून. येईल म्हणजे कॉम्प्युटरवर येईल, नाहीतर तुम्ही आम्हा तिघांसाठी घावणे घालायला घ्याल.

आधी कॉम्प्युटर चालू करायचा. खालच्या डब्यावरचं पांढरं बटण एकदाच दाबा आणि सोडा, मिक्सरसारखं दाबून धरू नका. पासवर्ड विचारेल. पासवर्ड तुमचंच नाव आहे, काकी, आणि पुढे एक दोन तीन. इंग्रजी अक्षरं वेगळ्या चिठ्ठीवर मोठी काढून पाठवते. हेडफोनचा डावा कान सैल आहे, त्याला मितेशने दोरा बांधलाय, तो ओढू नका.

आता खेळ. आपण चौघं चार गावांत बसलेलो असलो, तरी पडद्यावर एकाच गाडीतून उतरतो. समोर एक झपाटलेलं घर असतं. त्यात भूत आहे हे नक्की. कुठल्या जातीचं आहे, तेवढं ओळखून जिवंत परत यायचं. भुताला मारायचं नसतं, पळवायचं नसतं, त्याच्याकडून कबूल करून घ्यायचं नसतं. नवीन माणूस इथेच चुकतो. मीही पहिल्या दिवशी टॉर्च घेऊन त्याच्या मागे धावले होते आणि मितेश हसून हसून खुर्चीवरून पडला होता. "भुताचो पाठलाग करणारा पयलाच चेडू!" म्हणाला.

ओळखायचं कसं? खुणांवरून. गाडीत सामान असतं. एक दिवे लागणारं यंत्र, भूत जवळ असलं की त्याचे पाचही दिवे लागतात. एक थर्मामीटर. भुताच्या खोलीत अशी थंडी असते की आपल्या तोंडातून वाफ निघते. एक कोरी वही, ती जमिनीवर ठेवून द्यायची, काही भुतं त्यात लिहितात. तीन खुणा जमल्या की नाव सापडतं. आणि मीठ असतं. ते उंबऱ्यावर टाकायचं, म्हणजे पावलं उमटतात. तुम्ही दृष्ट काढताना मुठीत घेता तेवढं पुरे. मितेश कधी आत आला तर पोतंभर ओतायचा आणि म्हणायचा, "आयेचो हात माका लागलो."

सगळे एकदम आत शिरू नका. एकाने गाडीत बसून कॅमेऱ्याच्या टीव्हीवर लक्ष ठेवायचं आणि वॉकीटॉकीवरून सांगायचं. ती जागा मितेशची होती. तुम्हीही तिथेच बसा. गाडीत भूत येत नाही. अंधारात उभं राहिलं की आपल्या माणसाचा धीर कमी होत जातो, त्याचा आकडा टीव्हीशेजारी दिसतो. कुणाचा आकडा उतरला की त्याला बाहेर बोलवायचं. हे काम तुम्हाला शिकवायला नको. आम्ही शाळेत असताना तळ्यावर गेलो की अंगणातून कोणाचं काय चाललंय ते तुम्हाला बरोबर कळायचं.

आणखी एक. आत शिरण्याआधी आमच्याकडे देवाला घालतात तसं गाऱ्हाणं होतं. गेममध्ये नाही, आमच्यातच. मितेश देवळातल्या गावकऱ्याचा आवाज काढायचा: "बा देवा म्हाराजा, आज ही चार लेकरा परक्याच्या घरात शिरतत. त्येंच्या हातून काय चुकलामाकला तर पोटात घाल, आणि सगळ्यांका सुखरूप भायर काढ रे म्हाराजा!" आणि आम्ही तिघं ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" एकदा तुम्ही दारातून ऐकलंत आणि त्याच्या पाठीत धपाटा घातलात, देवाची थट्टा करतो म्हणून. तो आवाज आमच्या हेडफोनमध्ये आला होता. मार्चपासून आम्ही कोणीच गाऱ्हाणं घातलेलं नाही. खेळलोही नाही.

भूत चिडलं की घरातले दिवे फडफडतात, दारं बंद होतात आणि ते माणूस शोधत फिरतं. अशा वेळी कपाटात शिरायचं, टॉर्च बंद करायची आणि एक शब्द बोलायचा नाही. हे भूत आपलं बोलणं खरंच ऐकतं, हेडफोनच्या तोंडासमोर येणाऱ्या माइकच्या काडीतून. शिंकलात तरी सापडलात. मेलेला माणूस खेळातून उठत नाही, तो नुसता बघत फिरतो. त्याचं बोलणं मग जिवंतांना ऐकू येत नाही.

पुढचा नियम गेममधला नाही, तो आमचा होता. त्यापाशी आले की माझा कागद फाटतो. आज फाडणार नाही.

काकी, हा नियम मुळात तुमचा. आम्ही लहान असताना तुमच्या अंगणात खेळायचो. तिन्हीसांजा झाल्या की तुम्ही तुळशीपाशी दिवा लावून आम्हाला सांगायचात, "ह्या वक्ताक कोणी हाक मारल्यान तर लगेच ओ देव नको. भुताक दोनच हाको मारूक गावतत. तिसरी हाक मारल्यान तर माणूस." मी पाचवीत होते, माझी वेणी आवळता आवळता तुम्ही मला हे सांगितलं होतंत. मी घाबरून तुमच्या मांडीला चिकटले होते.

गेममध्ये मितेशला एक खोड होती. मी कपाटात लपले, की तो गाडीतून भुताचा आवाज काढून मला हाक मारायचा. मी दचकून "काय?" म्हणायचे, भूत ऐकायचं आणि मी मरायचे. तीन रविवार असं झाल्यावर मी भांडले. मग आमच्यात ठरलं, काकीचा नियम लावायचा. तिसऱ्या हाकेलाच ओ. पहिल्या दोन हाका मस्करीच्या धरायच्या. मीच ठरवलं ते.

नऊ मार्चला, त्या रविवारी, तुम्ही आणि काका शिरोड्याला सुगंधामावशींकडे बारशाला गेला होता. काजू वेचायला माणसं होती म्हणून मितेश घरी राहिला. सकाळभर उन्हात डोंगरावर होता. चार वाजता आम्ही खेळायला बसलो तेव्हा म्हणाला, "छातीत जळजळता." आकांक्षा म्हणाली सोलकढी पी. मी म्हटलं, फणसाची भाजी कमी खा. आम्ही हसलो, तोही हसला.

सव्वासहा वाजता दीपेश आणि आकांक्षा खेळात मेलेले होते. मेल्यावर करायला काही नसतं, दोघंही हेडफोन काढून चहाला उठले. घरात मी एकटी राहिले आणि गाडीत तो. भूत चिडलं, मी माडीवरच्या कपाटात शिरले. तेव्हा त्याने हाक मारली.

"अक्षया."

मी गप्प राहिले. एक, असं मनात मोजलं. मग थोडा वेळ नुसता श्वासाचा आवाज आला आणि पुन्हा,

"गो अक्षया."

दोन. मी तोंडावर हात दाबून हसत होते, काकी. तिसरी येईल म्हणून वाट बघत होते. तिसरी आली नाही. मला वाटलं, आज ह्याची मस्करी फसली. भूत निघून गेलं, मी कपाटातून बाहेर आले, "मितल्या, पुरे आता" म्हटलं. काही उत्तर नाही. रागावला असेल, म्हटलं. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून भाकऱ्यांसाठी हाक मारली. तिने एकदाच मारली, आणि मी उठून गेले.

गेममधली भुतं इंग्रजी आहेत. ती आपलं मालवणी 'गो' कुठून म्हणतील? आणि मस्करीत तो कधी 'गो' म्हणत नसे, घोगरा आवाज काढून नुसतं नाव घ्यायचा. दुसऱ्या हाकेला त्याने आवाज बदललाच नव्हता. हे मला भाकऱ्या भाजताना कळायला हवं होतं. ते रात्री तुमच्या घरून फोन आल्यावर कळलं. तुम्ही आठ वाजता घरी आलात, त्याला खुर्चीतच बघितलंत. हेडफोन त्याच्या कानावरच होते ना? पडद्यावर गाडीतले टीव्ही चालू असतील.

डॉक्टरांनी काकांना सांगितलं होतं, अर्ध्यापाऊण तासात आणला असता तर काही करता आलं असतं. मी मागाहून चौकशी केली. वाडीतल्या भाईंची रिक्षा त्या संध्याकाळी त्यांच्या दारातच उभी होती. भाई घरीच होते. मला त्यांचा नंबर पाठ आहे.

तेराव्याला तुम्ही मला माजघरात बोलावून विचारलंत, "तू त्येच्या वांगडा खेळत होतंस मां? काय बोललो तो?" मी म्हटलं, "काही नाही काकी. आम्हाला वाटलं लाईट गेली." मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. तुम्ही माझ्या गालावरून हात फिरवलात. नंतर आल्यागेल्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होता, "माज्या झिलान कोणाक तरास दिल्यान नाय. कोणाक हाकसुदा मारूक नाय. निजलेलो तसो गेलो." मी ओटीवर बसून ऐकत होते. तेवढाच तुम्हाला आधार होता, आणि तोही मी दिलेला, खोटा. त्यानंतर मी धामापूरला आले नाही. कामं आहेत, आईचा गुडघा आहे, असं सांगत राहिले. गुडघा काही एवढा दुखत नाही.

आज तुमचा आधार मी काढून घेते आहे. तुम्हाला नुसते नियम लिहून पाठवणं मला सहज जमलं असतं. पण तुम्ही त्याच्या खुर्चीत बसाल, त्याचे हेडफोन घालाल, आणि त्याच जागेवरून मला हाक माराल. ते मला खोटेपणाने ऐकवणार नाही. आणि तो निजल्यासारखा गेला नाही, हे त्याच्या आईला माहीत असायला हवं. त्याला जगायचं होतं. त्याने हाक मारली होती. ती मला ऐकू आली होती.

एक गोष्ट मात्र माझी ऐका. हे वाचून तुमच्या मनात येईल, की नियम मीच शिकवला. तसं मनात आणू नका. तुम्ही तो भुतांसाठी शिकवला होता, आणि मी तो तुमच्या माणसाला लावला. चूक माझी आहे, ती तुमच्या पदरात घेऊ नका. तुम्ही घ्याल, मला माहीत आहे. तुम्ही वाडीतल्या प्रत्येक पोराचं खरचटलेलं ढोपर आपल्या अंगावर घेता.

काकांना हे सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला बोलवून विचारायचं असेल तर येईन. तोंड बघायचं नसेल तर तेही मला समजेल. दीपेश आणि आकांक्षाला कालपर्यंत माहीत नव्हतं. काल सांगितलं. आकांक्षा रडली आणि मग माझ्यावर ओरडली. बरं वाटलं.

रविवारी चार वाजता मी हेडफोन घालून बसणार आहे. तुम्ही आलात तर गाऱ्हाणं तुम्ही घाला, आम्ही व्हय म्हाराजा म्हणू. मग तुम्ही गाडीत बसा आणि माझ्यावर लक्ष ठेवा. मी कपाटात असले, भूत दारात उभं असलं, तरी तुम्ही एकदाच "अक्षया" म्हणा. मी ओ देईन. भूत ऐकेल आणि मला मारेल, मारू दे, खेळच आहे. तुम्ही आला नाहीत, तरी सव्वासहा वाजेपर्यंत मी तिथेच बसून राहीन.

ओ द्यायची राहिलेली,
तुमची अक्षया