जावयाच्या वाणातलं ग्रीस

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या चुका अजून चाकांवर बसून सुरतभर फिरतात. ताईच्या गाडीची पुढची चाकं काळी पडत होती. दाजी रोज सकाळी शाम्पूनं घासून चकचकीत करायचे आणि संध्याकाळी गिरणीतून घरी येईपर्यंत ती पुन्हा काळी. त्यातही डावं जास्त, पार तव्याच्या बुडासारखं. दाजींचं निदान तयार होतं: पांडेसऱ्याच्या गिरण्यांचा धूर. धूर एकच चाक निवडून बसत नाही, असं मी म्हटलं, तर तुमचे लाडके जावई फिस्सकन हसले. "तुले काय समजस? मना सासरानी सांगेल शे, ब्रेकनी धूळ पडस म्हंजे ब्रेक जित्ता शे." शब्द तुमचे, फुशारकीही तुमचीच. आणि अशा ब्रेकवर ते ताईला, तिच्या सासूला आणि दोन्ही लेकरांना घेऊन वणीला देवीच्या दर्शनाला निघणार होते. येताना सापुताऱ्याचा सगळा घाट उतरायचा.

तुम्ही मुळात यंत्रमागावर तेल घालणारे. बमरोलीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं मागांना तेल-ग्रीस पाजलंत, मग पत्र्याची शेड टाकून मेकॅनिक झालात, आणि मागाचं तेच पिवळं ग्रीस गाडीच्या प्रत्येक सांध्यात कोंबत राहिलात. ग्रीस ते ग्रीस, एवढंच तुमचं शास्त्र. ब्रेकमधली काळी भुकटी हवेच्या नळीनं फुर्रकन उडवायचात, शेडभर ढग, तोंडाला फडकंसुद्धा नाही. मग तेच कपडे घालून स्वयंपाकघरात येऊन बसायचात आणि भाकरी कडक झाली म्हणून आईवर डाफरायचात. एकदा मी पाना उचलून दिला तर सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणालात, "पोरीनी जातनी ग्रीसले हात लावाना नही." मी नाही लावला. आयटीआयला जाऊन गाडीचं काम शिकले. तुम्ही त्यालाही हसलात.

जावई मात्र पुरुष. अधिक महिन्यात लोक जावयाला अनारसे देतात, चांदीचा दिवा देतात. तुम्ही अनारशांच्या ताटाशेजारी ग्रीसचा पाच किलोचा डबा ठेवलात, वर हळदकुंकू लावून! दाजींना गहिवरून आलं. गिरणीत रंगाच्या टाक्यांवर काम करणारा माणूस त्या दिवसापासून स्वतःला मेकॅनिक समजू लागला. डबा अजून आहे. दर दिवाळीला ते स्वतः चाकं काढतात आणि बोटाएवढं ग्रीस ब्रेकच्या पिनांना चोपडतात. गाडीत हात घालणारे अडाणी मी पुष्कळ पाहिले आहेत, पण श्रद्धेनं हात घालणारा अडाणी तुम्ही घडवलात.

तर निघायच्या आदल्या दिवशी मी गाडी मागून घेतली. चलथाणपर्यंत नेली आणि आणली, ब्रेक जमेल तितका कमी मारत. उतरून चाकांजवळ उलटा हात धरला. उजवं कोमट, डाव्याची झळ हात जवळ नेण्याआधीच लागली. गार झाल्यावर जॅक लावून ते चाक हातानं फिरवलं, तर अर्धा वेढासुद्धा घेईना. ब्रेक सोडला तरी पॅड तबकडीला घासतच होतं. धूळ दुसरं काय पाडणार? खोलून पाहिलं. आतलं पॅड झिजून पातळ, बाहेरचं जाडजूड. ज्या पिनांवर सगळं मागेपुढे सरकायला हवं त्या जाम, कारण त्यांच्यावरचं रबर भिजलेल्या मनुक्यासारखं फुगलेलं. तुमचं पिवळं ग्रीस ब्रेकचं रबर खातं, अप्पा. तुम्ही आयुष्यभर ज्याला रक्षण म्हणत आलात, तेच चाकाचा गळा धरून बसलं होतं. घाटात ते तापत गेलं असतं आणि ऐन उतारावर पाय खाली जाऊनही गाडी थांबली नसती. जावई तुमचे असतील, पण मागच्या सीटवर माझी बहीण होती.

सगळं ओलं करून पुसलं, भुकटी उडू दिली नाही. पिना, रबरं, दोन्ही बाजूंची पॅडं नवी घातली, आणि ब्रेकचं म्हणून जे वेगळं ग्रीस मिळतं त्याचा पातळ हात दिला. परत चलथाण. दोन्ही चाकं सारखीच कोमट.

एवढं करून माझं भागलं असतं, पण दाजी पुन्हा दिवाळीला बसणार होतेच. मी सांगून ते ऐकतील? मेहुणीचं ज्ञान त्यांना मिठासारखं, चवीपुरतं. म्हणून मी त्यांना ती नवी ट्यूब दिली आणि सांगितलं, "अप्पा शेवटी शेवटी म्हणत होते, चाकातल्या पिनांना पिवळं नको, हेच लावायचं. जावयाला सांग म्हणाले, माझंच सांगायचं राहून गेलं." दाजींनी ट्यूब कपाळाला लावली आणि पिवळा डबा जिन्याखाली टाकून दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यांना जन्मभर कळलं नाही त्यांना मी शहाणं करून ठेवलं.

काल घाटाखालच्या वघईहून ताईचा फोन आला. "उतरनूत वं बाई. जळाना काहीच वास उना नही." मागून दाजी ओरडत होते, सासऱ्यांचा हात म्हणजे हात.

हे पत्र कुठे टाकणार? फाडीन उद्या. फक्त एक सांगते. ते खोटं बोलताना, "जावयाला सांग" असं तुम्ही मला म्हणालात हे माझ्याच तोंडून ऐकताना, मला क्षणभर फार बरं वाटलं.